डोलकाठीवरचं सरळ पातं

१

कप्तान गेला त्याला चार दिवस झाले होते. बंदरावर लोक हळहळत होते, पण हळहळून झालं की आवाज खाली करून एकच वाक्य बोलत होते : पोरीनंच घालवलं बापाला.

कंपासकाकाच्या कानावरही ते आलं होतं. धक्क्याच्या टोकाला त्याची पत्र्याची शेड होती आणि होकायंत्रं, वेगमापकं, वारा मोजायची यंत्रं दुरुस्त करण्यात त्याची पंचेचाळीस वर्षं गेली होती. त्याचं खरं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागायचं.

बंदर अधिकाऱ्यानं त्याला कचेरीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"काका, कप्तानाच्या बोटीवरचं वाऱ्याचं यंत्र तपासायचंय. उद्या अकरा वाजता मला अहवाल हवा."

"एवढी घाई?"

"अकराला मी निकाल लिहितोय. ऐका. बोट परत येत होती, वारा पाठीमागून, उजव्या अंगानं. सुकाणू पोरीच्या हातात. शिडाखालचा तो आडवा दांडा..."

"बूम."

"तो डावीकडे बाहेर मोकळा सोडलेला. तो फिरू नये म्हणून बांधून ठेवायला कप्तान दोर घेऊन पुढे निघाला. तेवढ्यात बूम फिरला आणि त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला बसला. बोट धक्क्याला लागायच्या आत संपलं सगळं."

कंपासकाकाला पुढचं सांगायची गरज नव्हती. पाठीमागून वारा असताना बोट जरा जास्त वळली की वारा शिडाच्या दुसऱ्या अंगाला शिरतो आणि माणसाच्या मांडीएवढा जाड बूम, सोसाट्यानं दार आपटावं तसा, या कडेचा त्या कडेला जातो. मध्ये डोकं असेल तर डोक्यासकट जातो.

"पोरगी म्हणते, काटा दीडशेवर होता," अधिकारी म्हणाला. "शून्य म्हणजे वारा नाकासमोर, एकशेऐंशी म्हणजे बरोबर पाठीत. बरोबर? मग दीडशेवर काटा असताना बूम कसा फिरेल?"

"नाही फिरायचा. तीस अंश हातात शिल्लक असतात."

"मग काटा तरी खोटा, नाहीतर पोरगी. काटा खरा निघाला तर तिचा परवाना मी काढून घेईन आणि कागद पोलिसांकडे जातील. मला आनंद नाही त्यात."

२

बोट एकाच दोरावर सोडली की नाक आपोआप वाऱ्याकडे वळतं. कंपासकाकानं तसंच केलं. मग कप्तानाच्या बायकोकडून आणलेल्या चावीनं केबिन उघडून वीज लावली आणि सुकाणूजवळच्या गोल तबकडीकडे बघितलं. काटा शून्यावर. बोट उलटी बांधून पाठ वाऱ्याकडे केली. काटा एकशेऐंशीवर. डोलकाठीच्या बुडाशी वायरचा जोड उघडून बघितला, आत टिपूसभरही पाणी नाही. शेवटी बटणं दाबत तो तबकडीच्या छोट्या पडद्यावरच्या आतल्या पानांत शिरला. यंत्र चुकीचं दाखवत असेल तर तिथे आकडा घालून ते सुधारता येतं. त्या पानावरही शून्य होतं.

बंदरावर इतकं निरोगी यंत्र त्यानं वर्षभरात बघितलं नव्हतं.

कप्तानाची पोरगी, धाकटी, धक्क्यावर उभी होती. सव्वीस वर्षांची, चार दिवसांत चेहरा चाळिशीचा झालेला.

"काका, काय निघालं?"

"अजून बघतोय. तू मला सांग, वारा मानेवर कळत नव्हता का तुला? तू काय काल बोटीवर आलीस?"

"रिमझिम होती. डोक्यावर रेनकोटचं टोपडं होतं. मागून लाटा येत होत्या, बोट हेलकावे खात होती. आणि बाबांचं तुम्हाला माहीत आहे. ते पुढे गेले की एकच हुकूम : मान नको, काटा बघ. काटा दीडशेच्या पलीकडे जाऊ द्यायचा नाही. काका, मी नाही जाऊ दिला. त्या काट्यावरून मी डोळा काढला नव्हता. म्हणून तर बूम येताना मला दिसला नाही."

ती धक्क्याच्या कडेला खाली बसली.

"दादा म्हणतो, मी झोपले होते. आई काहीच म्हणत नाही. आईनं काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं."

कंपासकाकानं हत्यारांची पिशवी बंद केली. यंत्र पोरीच्या विरुद्ध साक्ष देत होतं, आणि यंत्राला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

३

थोरल्याचा इंजिन दुरुस्तीचा कारखाना दोन गल्ल्या सोडून होता. आठ महिन्यांपूर्वी कप्तानानं सुकाणू मुलीकडे दिलं आणि मुलाला चारचौघांत ऐकवलं, तुझा हात जड आहे. तेव्हापासून बापलेकांत बोलणं नव्हतं. समोरासमोर आले तर एक जण समुद्राकडे बघायचा आणि दुसरा घड्याळाकडे.

"या काका," थोरला हात पुसत म्हणाला. "तपासलंत?"

"चाललंय."

"काय सापडणार आहे तुम्हाला? वायर कोरडी, पातं सरळ, दुरुस्तीच्या पानावर शून्य. नवीन असल्यासारखं आहे ते यंत्र. हातच्या कांकणाला आरसा कशाला? हिचं लक्ष नव्हतं, सरळ आहे."

"बहीण आहे तुझी."

"म्हणून काय खोटं बोलू? बाप माझापण होता."

"होता खरा. आठ महिने तुला आठवत नव्हता, एवढंच."

थोरल्यानं पाना इतक्या जोरात टेबलावर ठेवला की खिळ्यांची बशी उडाली. "काका, मोठे आहात म्हणून ऐकून घेतो."

कंपासकाका उठला. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत त्याला कळत नव्हतं, नेमकं काय टोचतंय. चपलेत खडा असावा तसं काहीतरी थोरल्याच्या बोलण्यात होतं. मग त्यानं ठरवलं की खाली बसून वरचं बोलणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. सत्तरी उलटलेली असली तरी एकदा डोलकाठीवर चढायलाच हवं.

४

डोलकाठीवर कोणीच एकटा जात नाही. माणूस लाकडी पाटावर बसतो आणि खालून दुसरा त्याला दोरानं वर ओढतो. धक्क्यावर हे काम दोरवाल्याचं. खुब्याचं हाड मोडल्यापासून तो स्वतः वर जात नसे, पण हात अजून चरकासारखे चालत.

"काका, वरून पडलात तर काकूला काय सांगू?"

"सांग, शेवटी तरी वर गेला."

दोरवाला हसला, पण नेहमीसारखा नाही.

सोळा मीटर वर वारा वेगळाच बोलत होता. टोकाशी एक हातभर लांबीचा ॲल्युमिनियमचा दांडा, त्यावर तीन वाट्या गरगरत होत्या आणि शेजारी काळं पातं वाऱ्याकडे तोंड करून थरथरत होतं. दांडा अगदी सरळ होता. कंपासकाकानं चष्मा वर करून दांड्याशी नाक नेलं.

दांड्याच्या काळ्या रंगाला मुळाशी केसाएवढे तडे होते. एका बाजूचे तडे मळलेले, त्यांत मिठाची पांढरी रेघ बसलेली. दुसऱ्या बाजूचे स्वच्छ, आत धातू चकाकत होता. आणि त्या चकाकीवर पकडीच्या दातांचे पुसट ठसे. पकडीखाली फडकं धरलेलं असावं. करणाऱ्याचा हात काळजीचा होता.

धातू एकदा वाकला की कायमचा लक्षात ठेवतो. हा दांडा काही आठवड्यांपूर्वी वाकला होता, आणि गेल्या आठवड्याभरात कोणीतरी तो परत सरळ केला होता.

खाली उतरल्यावर त्यानं पाटाचे पट्टे सोडता सोडता विचारलं, "माझ्या आधी कोणाला वर ओढलंस?"

दोरवाला दोराची वेटोळी करत राहिला.

"काका, मी दोर ओढतो. जीभ ओढायची सवय नाही."

"म्हणजे कोणीतरी गेलं होतं."

"शब्द दिलाय मी. चांगल्या कामासाठी दिलाय, वाईटासाठी नाही. यापुढे विचारू नका." आणि त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

५

कप्तानाच्या बोटीवर एक शिस्त होती. दर अर्ध्या तासाला वहीत नोंद : बोटीचं तोंड होकायंत्रावर किती, काटा किती. ती वही अधिकाऱ्याच्या टेबलावर होती. शेजारी बंदराच्या मनोऱ्याची वही. तिथेही दर अर्ध्या तासाला वाऱ्याची दिशा लिहितात.

"साहेब, बोटीचं तोंड आणि काटा यांची बेरीज केली की वारा कुठून येतो ते कळतं," कंपासकाका म्हणाला. "वारा डावीकडून असेल तर वजाबाकी. ते मनोऱ्याशी जुळलं पाहिजे. दोनचार अंश इकडेतिकडे."

दोघांनी दुपारभर आकडेमोड केली. महिन्याभरापूर्वी डोलकाठी रंगवायला यारीनं, म्हणजे क्रेननं, उतरवली होती. त्याआधीच्या नोंदी जुळत होत्या. डोलकाठी परत बसवल्यानंतरच्या तीन आठवड्यांच्याही जुळत होत्या. मरणाच्या आदल्या दिवशी सकाळची फेरीही जुळली.

मग मरणाचा दिवस आला.

"तोंड चाळीस, काटा दीडशे," कंपासकाकानं वाचलं. "एकशेनव्वद."

"मनोरा दोनशेदहा," अधिकारी म्हणाला. मग मान हलवली. "पण काका, ही नोंद पोरीच्याच हातची. मागून लिहिली असेल."

"मग सकाळच्या बघा. धक्का सोडल्यापासूनच्या. तेव्हा तिला खोटं लिहायचं काय कारण?"

सात नोंदी होत्या. सातही वीस अंशांनी कमी, एकाच दिशेला. काटा दीडशे दाखवत होता तेव्हा वारा खरा एकशेसत्तरवर होता, जवळजवळ पाठीतच. एका लाटेनं मागचा भाग ढकलला की बूम फिरलाच.

"म्हणजे पोरगी खरं बोलतेय," अधिकारी हळू आवाजात म्हणाला. "पण यंत्र तर आज बरोबर आहे. एका दिवसापुरतं बिघडलं आणि आपोआप बरं झालं? हे मी काय म्हणून लिहू?"

"यंत्र आपोआप आजारी पडतं साहेब. आपोआप बरं झालेलं मी कधी बघितलं नाही."

६

संध्याकाळी तो कप्तानाच्या घरी गेला. कप्तानाची बायको स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली होती. समोर टेबलावर नवऱ्याचा चष्मा होता, काच पुसून ठेवलेला.

"वहिनी, एकच विचारतो. डोलकाठी रंगवून आल्यावर यंत्राबद्दल कप्तान काही बोलला होता?"

"बोलायचे काय, चिडले होते. बोट बाहेर काढायच्या आधीच म्हणाले, यारीवाल्यांनी वरचं पातं वाकडं केलं, काटा वीस जास्त दाखवतोय. गुडघ्यांमुळे वर चढवेना. थोरल्याला सांगायचं तर नाक खाली करावं लागणार."

"मग?"

"मग मला बोटीवर नेलं. त्यांना यंत्रातलं काय कळतंय? मीच त्या पुस्तकातून वाचून दाखवलं आणि बटणं दाबली. वीस उणे घातले. त्यांना तर ती अक्षरं चष्म्यानंही दिसत नव्हती. त्यासाठीच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो आम्ही, आदल्या दिवशी दुपारी." तिनं वर बघितलं. "काका, माझ्या त्या वीसनं काही झालं का?"

कंपासकाकानं चष्मा अलगद तिच्याकडे सरकवला.

"तुमचं वीस बरोबर होतं, वहिनी. तीन आठवडे त्यावर बोट बिनचूक चालली. वहीत आहे."

"खरं सांगताय ना?"

"खरंच सांगतोय. सकाळी मला दिलीत ती केबिनची चावी याआधी कोणाला दिली होती?"

"ती माझ्याकडेच असते. हे गेल्यापासून तुमच्याआधी एकदाच दिली. थोरल्याला. हा चष्मा आणायला."

बाहेर रस्त्यावर आल्यावर कंपासकाकाला तो टोचणारा खडा सापडला. दुरुस्तीच्या पानावर शून्य, असं थोरला म्हणाला होता. ते पान तबकडीत खोल आहे, नुसतं बघून दिसत नाही. आणि काय निघालं हे कंपासकाकानं तोवर कोणालाही सांगितलं नव्हतं.

७

सकाळी आठला कारखान्याचं शटर अर्धंच उघडं होतं. कंपासकाका वाकून आत गेला आणि थोरल्यासमोर अहवाल ठेवला.

"वाच."

"तुम्हीच सांगा."

"यारीनं दांडा वाकला. काटा वीस जास्त दाखवायला लागला. कप्तानानं तबकडीत वीस उणे घातले. हिशेब बरोबर. मग आदल्या दिवशी दुपारी, तो डॉक्टरकडे असताना, कोणीतरी वर चढून दांडा सरळ केला. तेही काम बरोबर. फक्त ते वीस उणे आत तसेच राहिले. दोन्ही दुरुस्त्या बरोबर, आणि दोन्ही मिळून काटा खोटा."

थोरला हातातलं फडकं पिळत राहिला.

"मरणानंतर कोणीतरी ते वीस पुसून शून्य केलं. ते कोण करेल? ज्याला माहीत आहे की वरचं पातं आता सरळ आहे, तोच. बाकी कोणाला ते वीस चुकीचं वाटायचं कारणच नाही. तुझ्या बहिणीनं पुसलं नसतं, तिला वाचवणारं ते एकच होतं. दोरवाल्याला चावी मिळाली नव्हती. तुला मिळाली."

थोरला खाली बसला. तेलाच्या डब्यावर, जसा असेल तसा.

"मला वाटलं, बाबा बोट घेऊन बाहेर पडतील, काटा बरोबर दिसेल. दोरवाल्याला विचारतील, कोणी केलं? मग दोरवाला सांगेल. मग कदाचित... काका, त्यांना फोनमध्ये नंबर सापडत नव्हता हो. तबकडीच्या आत जाऊन आकडा घालतील असं स्वप्नात तरी आलं असतं का? दोन बटणं दाबायची तर मला हाक मारायचे. मला वाटलं, मी नाही म्हणून ते तसंच वाकडं पडलंय."

"पातं हलवलं की काटा बघायचा असतो."

"केबिनला कुलूप होतं. वीज बंद होती. चोरासारखा गेलो होतो मी, कसा बघणार?"

"इथपर्यंत तुझा दोष मी अपघात म्हणून लिहीन," कंपासकाका म्हणाला. "पुढचं काय लिहू? वीस दिसल्यावर तुला सगळं कळलं होतं. तू ते पुसलंस आणि तिच्यावर ओरडत सुटलास."

"मी ओरडलो नसतो तर मला ते ऐकू आलं असतं."

"काय?"

"मी मारलं ते."

कंपासकाकानं अहवालाच्या शेवटच्या पानावर बोट ठेवलं. तिथे एक ओळ रिकामी होती.

"नाव मी लिहिलेलं नाही. मी लिहिलं तर तू पकडला गेलास असं होईल. तू लिहिलंस तर निदान तिला भाऊ आहे असं होईल. अकरा वाजेपर्यंत ठरव."

८

अकराला पाच मिनिटं असताना कचेरीत धाकटी आणि तिची आई बाकावर बसल्या होत्या, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. परवाना अधिकाऱ्याच्या टेबलावर पडला होता.

थोरला आला तो दाढी न करताच. त्यानं कोणाकडे बघितलं नाही. अहवाल उघडला, रिकाम्या ओळीत नाव लिहिलं, आणि मग जे लिहिलं होतं ते उभ्यानंच मोठ्यानं वाचून दाखवलं. अधिकाऱ्यानं त्याला थांबवलं नाही.

वीसचा उल्लेख आला तेव्हा आईचा हात तोंडावर गेला. कंपासकाकानं मान हलवून तिला सांगितलं, नाही, तुम्ही नाही.

धाकटी उठून भावासमोर गेली. ती त्याला मारेल असं वाटून अधिकारी खुर्चीतून अर्धा उठला.

"दादा, वर चढलास त्याचं मी काही म्हणत नाही," ती म्हणाली. "मला हाक मारली असतीस तर दोर मी धरला असता. पण ते पान. तिथे पोचायला सहा वेळा बटण दाबावं लागतं. मी मोजलंय. सहा वेळा तुला थांबता आलं असतं."

थोरल्यानं अहवाल टेबलावर ठेवला.

"आणि मग चार दिवस," ती म्हणाली. "चार दिवस मी आरशात बघत होते की बाप मारणारी बाई कशी दिसते."

अधिकाऱ्यानं निकाल लिहिला. सुकाणूवर दोष नाही. पुरावा पुसल्याबद्दल कागद पोलिसांकडे जातील, नाव दुसरं. त्यानं परवाना टेबलावरून पुढे सरकवला. धाकटीनं तो घेतला, आतला स्वतःचा फोटो बघितला आणि मिटून खिशात ठेवला.

पायऱ्यांवर ऊन होतं. आई मुलीचा दंड धरून उतरत होती. चार दिवसांत तिनं मुलीला पहिल्यांदा हात लावला होता. मागे दोन पायऱ्या सोडून थोरला उभा होता, कुठे जावं हे न कळणाऱ्या माणसासारखा.

"आई, मी..."

आईनं वळून बघितलं नाही.

"मला विचारू नकोस," ती म्हणाली. "घरी कधी यायचं ते ही सांगेल."

सगळे थांबले. कंपासकाकाही थांबला, पिशवी या हातातून त्या हातात घेत. धाकटी धक्क्याकडे बघत होती. तिथे बापाची बोट बांधलेली होती आणि शीड गुंडाळून ठेवलेलं होतं.

"बोट उद्या मी बाहेर काढणार आहे," ती शेवटी म्हणाली. "एकटीनं. परत आल्यावर सांगते."

आणि आईला सांभाळत ती पुढे चालायला लागली.